कुठल्या बिस्किटाचा रंग

माझ्या सासूबाईंच्या गाडीच्या सीटा उंदरांनी खाल्ल्या, इथपर्यंत सगळं सरळ होतं. उंदीर खातो, माणूस दुरुस्त करतो, जग असंच चाललेलं आहे. उंदरांवर माझा राग नाही. त्यांनी निदान कुणाचा सल्ला न घेता काम हाती घेतलं आणि तडीस नेलं.

गाडी म्हणजे केस्ट्रेल. दोन सीटा, कापडी टप, लांबलचक नाक आणि बाटलीसारखा हिरवा रंग. कॉव्हेंट्रीत ज्या कारखान्यात ती बनली, तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. सासूबाई, म्हणजे एनिड थर्लो, आमच्या मार्श टॅडबीच्या आणि आसपासच्या चार-पाच गावांच्या सुईण. सरकारी नोकरी, सरकारी सायकल. त्यांनी सायकल परत केली आणि स्वतःच्या पगारातून साठवून ही गाडी घेतली. गावात चाळिशी ओलांडलेलं जे कुणी आहे, ते बहुतेक त्यांच्याच हातून जगात आलंय. त्याआधी त्या गाडीचा आवाज वळणावर ऐकून त्यांच्या आयांनी हुश्श केलंय. एनिड भन्नाट चालवायच्या. पोलीस कधी अडवायचे नाहीत, कारण पोलिसांनाही बायका होत्या.

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांच्या नजरेचा मधला भाग चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. पानगळीपर्यंत माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. एनिडनी ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि कोट चढवता चढवता जिलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाल्या, "ती गाडी एकदा बघायला हवी होती. होती तशी." मग त्यांनी छत्री कुठे ठेवली ते विचारलं.

थर्लो घराण्यात याला हंबरडा म्हणतात. या माणसांना ताप भरला तर "जरा उकडतंय" आणि घर जळालं तर "थोडी गैरसोय झाली." त्यामुळे "हवी होती" ऐकल्यावर जिल घरी आली ती थेट ओट्याशी उभी राहून रडली. मला तिचं रडणं बघवत नाही. मी म्हणालो, "इंजिनाचं गॅरेजवाला बघेल. आतलं मी करतो."

माणसाने आयुष्यात काही वाक्यं पूर्ण करू नयेत, त्यातलं हे एक. गॅरेजवाल्याने इंजिन आठवड्याभरात गुरगुरतं करून दिलं. हिरवा रंग नुसत्या पुसण्याने वर आला. राहिलं फक्त आतलं.

आणि हो, हे सगळं एनिडना कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर त्या "कशाला उगाच" म्हणाल्या असत्या, आणि सासूबाईंनी "कशाला उगाच" म्हटल्यावर ते करण्याची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

गाडी कित्येक वर्षं आमच्याच गॅरेजात पडून होती, तेवढी सोय होती. तर मी आतलं उचकटायला बसलो. मी जिल्हा कौन्सिलच्या जलनिस्सारण विभागातून निवृत्त झालोय. गाव त्याला गटारखातं म्हणतं, म्हणो बापडं. सांगायचा मुद्दा हा, की कशाच्याही आत शिरायची मला सवय आहे. पण गटार बांधणाऱ्याची निदान काही नीतिमत्ता असते. केस्ट्रेलच्या दाराचं आतलं अस्तर म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कातडं, आणि तो पुठ्ठा ज्या चिमट्यांनी दाराला अडकवलेला असतो ते चिमटे सुटताना एकच काम करतात, ते म्हणजे डोळ्याच्या दिशेने उडतात. सीट उघडली तर आत घोड्याचे केस, अक्रोडाची टरफलं आणि उंदरांचा भरलेला संसार. कातडं जे काय उरलं होतं ते कुठे चहासारखं, कुठे काजळीसारखं. मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा शाबूत नव्हता.

सुदैवाने एनिडच्या कपाटात गाडीचं मूळ माहितीपत्रक होतं. जिलने ते लांबवलं. त्यात स्वच्छ छापलेलं होतं: आतील कातडे, बिस्कीट रंग. मी हात झटकले. म्हटलं, झालं काम.

जिल म्हणाली, "कुठलं बिस्कीट?"

माझ्या अडतीस वर्षांच्या संसारात तिने बरेच प्रश्न विचारलेत आणि मी त्यातले बरेचसे ऐकलेले नाहीत. हाही ऐकला नसता तर बरं झालं असतं.

"बिस्कीट म्हणजे बिस्कीट," मी म्हणालो. "डायजेस्टिव्ह."

"काहीतरीच काय? डायजेस्टिव्ह फार काळपट. बिस्कीट म्हणजे चहाचं साधं, गोल."

"ते तर पांढरंफटक. त्याला रंग म्हणतात?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "लेनर्ड, मी मध्ये बोलत नाही, पण..." हा आमचा शेजारी बॅझिल ट्रॅनमर. निवृत्त भूगोल शिक्षक. बावीस वर्षांत तो मध्ये न बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्या छपराला पन्हळ कुठे असावी, आमच्या मुलीने कुणाशी लग्न करावं, या सगळ्यांत तो मध्ये बोललेला नाही. त्याचं म्हणणं पडलं, की त्या काळात या देशात बिस्कीट म्हटलं की आल्याचं बिस्कीट. कडक, तांबूस, वर भेगा. "युद्धानंतरची पिढी आलं खाऊन वाढली," तो म्हणाला. हे त्याला भूगोलात कुठे सापडलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाव तीन पक्षांत विभागलं होतं. चर्चमध्ये फुलं रचणाऱ्या बायका साध्याच्या बाजूने, पबमधली बाकं डायजेस्टिव्हच्या बाजूने, आणि बॅझिलमागे त्याचे जुने विद्यार्थी, ज्यांना अजून त्याची भीती वाटते. कुणीतरी शॉर्टब्रेडचं नाव काढलं. ते बिस्कीट नव्हेच, ते स्कॉटलंडचं आहे, असं सांगून त्याला गप्प करण्यात आलं. निवडणुकीच्या वेळी आमच्याकडे एवढी माणसं बोलत नाहीत.

मी जबाबदार माणूस आहे. मी केस्ट्रेल मालक मंडळाला फोन लावला आणि नाव सांगितलं, लेनर्ड पॅशली. चिटणीस हंफ्री कॉटल. आवाज असा, की आपणच खुर्ची सोडून उभं राहावं.

"तुम्ही सभासद आहात का?"

"नाही, पण माझ्या सासूबाईंची गाडी..."

"मग सासूबाई सभासद आहेत का?"

"त्यांना हे कळू द्यायचं नाहीये."

कॉटलसाहेब म्हणाले, "पॅशली, मंडळाची अधिकृत भूमिका अशी आहे, की बिस्कीट म्हणजे बिस्कीट. याहून जास्त मी बोलू शकत नाही. यावरून मंडळ एकदा फुटलेलं आहे. दुसरं मंडळ लेस्टरला असतं. आम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

मी लेस्टरला फोन केला. त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी कॉटलशी बोललात का?" मी खरं बोललो. त्यांनी फोन ठेवला.

कातडं रंगवून शिवून देणारं एक दुकान वॉल्सॉलला मिळालं. तिथली शेरिल नावाची बाई गोड बोलायची. "बिस्कीट? हो, देऊ की, राजा. नमुना पाठवून दे." नमुना म्हणजे? "म्हणजे ज्या रंगाचं हवंय ते." आता ज्या रंगाचं हवं होतं ते एकच होतं. मी एक डायजेस्टिव्ह घेतलं, कापसात ठेवलं, डबीत घातलं आणि पोस्टात गेलो. घरातला कर्ता म्हणून शेवटचा शब्द माझा आहे असं मी ठरवलं होतं. जिलला तसं सांगितलं मात्र नव्हतं.

पोस्टात मिसेस भोगल. बाई अत्यंत सज्जन, पण नियमाला पक्की.

"आत काय आहे, मिस्टर पॅशली?"

"बिस्कीट."

"किती?"

"एक."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नाशवंत आहे का?"

हा प्रश्न मी घरून सोडवून आलो नव्हतो. माझ्यामागे रांग होती, तिने तो हातात घेतला. एक म्हणाला बिस्कीट नासत नाही, सादळतं. एका बाईंनी नियम सांगितला, की शिळा झाल्यावर कडक होतो तो केक आणि मऊ पडतं ते बिस्कीट, पण नाशवंत दोन्ही. मिसेस भोगल शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे दोनच रकाने आहेत. हो किंवा नाही. 'सादळतं' असा रकाना नाही."

"अहो, ते खायचं नाहीच आहे," मी म्हणालो. "तो नुसता रंग आहे."

"रंग?" त्यांनी डबी काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. "रंग ज्वालाग्राही. पोस्टाने जात नाही."

शेवटी रांगेतल्या सर्वांच्या साक्षीने ते बिस्कीटच आहे, खाद्य आहे आणि माझ्याकडून शेरिलला भेट आहे, असं लिहून दिलं. जिल्हाभर जलनिस्सारण सांभाळलेल्या माणसाने परस्त्रीला एक बिस्कीट भेट पाठवलं, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. जिलला कारण पटलं. पण कुठलं बिस्कीट पाठवलं हे कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलली.

वॉल्सॉलला भुगा पोचला. शेरिल म्हणाली, "आतून फिकट आहे, बाहेरून गडद आहे. कुठला धरू?" मी दुसरं पाठवलं, या वेळी पत्र्याच्या डब्यात. चार दिवसांनी तिचा फोन. आवाज पडलेला. "तुझं बिस्कीट पोचलं, राजा. पण नवी मुलगी आलीये, तिने चहाबरोबर खाल्लं." वर म्हणाली, "चांगलं होतं म्हणते."

इकडे मे महिना उजाडला होता. एनिड आता बोलताना मान किंचित वळवून, कडेने आपल्याकडे बघायला लागल्या होत्या. चहा ओतताना बोट कपाच्या आत धरायच्या. जिल ते बघून यायची आणि मला काही न सांगता भांडी घासत बसायची. उशीर झाला तर मग कुठल्याही रंगाचं कातडं लावून उपयोग नव्हता, आणि चुकीच्या रंगाचं लावलं तर त्यांनी शेवटचं बघितलेलं ते चुकीचं असणार होतं. मला रात्री झोप लागेना. गावाला हसू येत असेल, मला येत नव्हतं.

तेव्हा बॅझिल एक दिवस कुंपणाशी आला आणि म्हणाला, "मी मध्ये बोलत नाही, पण ती गाडी नवी असताना आतून बघितलेलं एकच माणूस हयात आहे. तिलाच विचार."

"गुपित आहे ना, बाबा."

"सरळ नको विचारू. बिस्किटं समोर ठेव. माणूस ओळखीच्या रंगाकडे हात नेतं."

आता हे ऐकून कुणीही शहाणा माणूस आत जाऊन दार लावून घेईल. मी म्हणालो, "वा." दुसऱ्याच दिवसापासून गाव एनिडकडे बिस्किटं घेऊन जायला लागलं. तिन्ही पक्षांनी आपापले प्रतिनिधी पाठवले. फुलांवाल्या बायका गेल्या, पबचा मालक गेला, बॅझिल टाय लावून गेला. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं फक्त रस्त्यात टोपी उचलली होती ती त्यांच्या बैठकीत तासतासभर बसली आणि तीन प्रकारची बिस्किटं मांडलेली बशी पुढे करून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

पंधरवड्यानंतर एनिडचा जिलला फोन आला. "जिल, मी मरणार आहे का?"

"नाही गं आई, भलतंच काय?"

"मग सगळे मला भेटायला का येतात? आणि मी काही खायला लागले की श्वास रोखून का बघतात? मला सांगायला हरकत नाही. मी सुईण होते, मला या गोष्टी कळतात."

जिलने, मी, आणि नंतर चर्चच्या व्हिकरनेही त्यांना इतक्या अदबीने आणि इतक्या घाईने समजावलं, की त्यांनी मृत्युपत्र काढून चष्म्याच्या घरासोबत टेबलावर ठेवलं. पण निकाल लागला होता. प्रत्येक वेळी, प्रत्येक बशीतून, एनिडनी आल्याचंच बिस्कीट उचललं होतं. बॅझिलने कुंपणावर कोपर टेकून माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

आल्याचं बिस्कीट कडक असल्याने वॉल्सॉलला अखंड पोचलं. त्या मुलीच्या दाताला ते लागलं नाही. महिन्याभरात कातडं आलं, तांबूस, सुंदर, आणि मी दारांची अस्तरं चिकटवायला घेतली.

तो गोंद लगेच धरतो. डबीवर तसं लिहिलेलं असतं. मी उजव्या दाराचं कातडं हातांनी दाबत होतो, नीट दाबलं जावं म्हणून खांदाही लावला, आणि मग फोन वाजला म्हणून उठायला गेलो तर दार माझ्याबरोबर यायला लागलं. जिलने विणलेला लोकरी स्वेटर, डाव्या बाहीपासून बगलेपर्यंत. मी ओरडलो नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत. मी मध्यम आवाजात "कुणी आहे का?" असं अधूनमधून म्हणत राहिलो.

"लेनर्ड," कुंपणावरून आवाज आला, "मी मध्ये बोलत नाही, पण तू दाराला चिकटला आहेस."

मला स्वेटरमधून बाहेर काढण्यात आलं. कातडं वाचलं, स्वेटर गेला. ते उजवं अस्तर डाव्या दाराचं होतं हे त्यानंतर लक्षात आलं, त्याबद्दल मी बोलणार नाही. सीटांची कव्हरं ऊब दिल्याशिवाय ताणत नाहीत, म्हणून ती जिलने टॉवेलांच्या उबदार कपाटात ठेवली आणि मग आम्ही तिघांनी, बॅझिल धरून, ती सीटांवर मोज्यासारखी चढवली. शेवटच्या सीटला बॅझिलने पोट लावलं. जून संपत आला होता.

रविवारी एनिडना जेवायला बोलावलं. गावाला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या वेळी आमच्या गल्लीत यच्चयावत गाव कुत्री फिरवत होतं. ज्यांच्याकडे कुत्री नव्हती तीही माणसं कुत्री फिरवत होती. मी गॅरेजचं दार उघडलं, गाडी उन्हात आणली. एनिडनी मान वळवून, कडेने, बराच वेळ बघितलं. मग हाताने बॉनेट चाचपत दारापर्यंत आल्या, आत बसल्या आणि सीटवर दोन्ही तळवे ठेवले. गल्लीत कुणी हलेना.

"अगदी तशीच," एनिड सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कातडंसुद्धा. तोच रंग."

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण घसे बरेच साफ केले. पबच्या मालकाने मान्य केलं, की डायजेस्टिव्ह कदाचित नंतरच्या गाड्यांना असेल. जिल रडली, आणि या वेळी सगळ्यांदेखत रडली. मी एनिडना एक चक्कर मारून आणायला निघालो. छाती इतकी फुगली होती की स्टीअरिंग जवळ वाटत होतं.

गाव मागे पडल्यावर एनिड म्हणाल्या, "लेनर्ड, हे कुठल्या रंगाचं आहे?"

मला वाटलं, चेष्टा. "बिस्कीट, एनिड. तुमच्या त्या आल्याच्या बिस्किटासारखं."

"असेल. मला ईस्टरपासून रंग कळत नाहीत. सगळं चहासारखं दिसतं."

मी गाडी हळू केली. ईस्टरपासून म्हणजे मी पहिला चिमटा उडवला त्याच्याही आधीपासून. "मग ते आल्याचं बिस्कीट? दर वेळी तुम्ही तेच उचललंत."

"ते हाताला कळतं. वर भेगा असतात. बाकीची माझ्या बोटांत मोडतात आणि मग सगळे बघत बसतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं गाव धावलं, एवढं भांडलं, आणि ज्या शर्यतीत धावलं ती आधीच संपलेली होती. मी म्हणालो, "एनिड, तुम्ही सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं? जिलने माझं माहितीपत्रक चोरलं त्या दिवशीच मला कळलं तुमचं काय चाललंय ते."

"मग जिलला विचारलंत ते? मरणार का म्हणून?"

"ते जरा जास्त झालं," एनिड म्हणाल्या. "पण तुम्ही सगळे इतके घाबरलात, मला राहवलं नाही." मग त्यांनी हात पुन्हा सीटवरून फिरवला. "मला दिसत नाही असं सांगितलं असतं, तर तू काम थांबवलं असतंस. सगळे गंभीर तोंडं करून बसले असते. आणि मी या गाडीत परत बसलेच नसते. बघायचं काय घेऊन बसलास, मला बसायचं होतं."

मला माझ्या सासूबाईंचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो सांगायची आमच्यात पद्धत नाही. तरी मी सांगितला. एनिड म्हणाल्या, "पुरे, समोर बघ. आपल्यापैकी एकाने तरी बघायला हवं."

मी समोर बघून चालवू लागलो. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांना पांढरी फुलं आली होती आणि मी जपून, गिअर न बदलता चाललो होतो. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला.

"लेनर्ड," एनिड म्हणाल्या, "या वेगाने मी गेले असते तर निम्मं गाव आपलं आपणच जन्माला आलं असतं."

"जुनी गाडी आहे, एनिड. आणि पुढे पाटी आहे, वेगमर्यादेची."

त्यांनी टोपी काढून मांडीवर घट्ट धरली. "मला पाटी दिसत नाही आणि काटाही दिसत नाही. किती वेगात होतो असं कुणी विचारलं, तर मी शपथेवर सांगेन की मला माहीत नाही. दाब."